दहा खाटांची चिमाबाई

ज्या दवाखान्यात नवरा गेला, त्याच दवाखान्यात चिमाबाई चार महिन्यांनी कामाला लागली. हे कुणालाच नीट उमगलं नाही. तळेगावजवळच्या वराळ्यात राहणाऱ्या तिच्या लेकीला, चिंगीला, तर मुळीच नाही. अशा जागेवरून जाणारा रस्तासुद्धा माणूस टाळतो, आणि आई तिथं फरशी पुसायला निघाली होती. चिंगीनं दोन दिवस अबोला धरला. जावई लखन शांत स्वभावाचा. त्याच्या कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी निवडायचं काम मिळण्यासारखं होतं, ते त्यानं सुचवून पाहिलं. चिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मला तितंच जायचंय," ती म्हणाली. "आत काय व्हतं ते मला बघायचंय."

चिमाबाई पवन मावळातल्या डोंगरावरच्या एका ठाकरवाडीची. पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगानं बारकी, चालीला चपळ. नवरा श्रीपती खंडाळ्यात एका बंगल्यावर माळी होता. हिरवळ कापणं, गुलाबांची छाटणी, पाहुणे यायच्या आधी पायऱ्या धुणं, हे त्याचं काम. सुट्टीला वाडीवर यायचा. करंजाच्या काडीनं दात घासल्याशिवाय चहाला तोंड लावायचा नाही. पन्नाशीतही त्याचा एक दात हलला नव्हता, आणि त्याचा त्याला चांगलाच तोरा होता.

त्या वर्षी भातलावणीला तो रजा घेऊन आला. चार दिवस चिखलात वाकून काम केलं आणि पाचव्या दिवशी तापानं फणफणला. डोळे लाल झाले, लघवी थांबली. चौघांनी झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून जीपनं तळेगावच्या बाजूच्या एका मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे चिखलापाण्यातून होणारा ताप, सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याला दम लागला, तेव्हा तोंडातून घशात नळी घालून त्याला श्वासाच्या मशीनवर ठेवलं.

आयसीयूत घरच्यांना सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं सोडायचे. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं परत काम करायला लागली आहेत, असंच राहिलं तर दोन दिवसांत नळी काढू. चिंगी त्या दिवशी पहिल्यांदा घरी जाऊन पोटभर जेवली. सहाव्या दिवशी श्रीपतीला पुन्हा ताप भरला. आता फुप्फुसात नवीन संसर्ग झालाय, असं सांगण्यात आलं. नवव्या दिवशी तो गेला.

अंगावरची चादर बाजूला करून चिमाबाईनं त्याला पाहिलं, तेव्हा तिची नजर तोंडावरच थांबली. ओठ फुटलेले, जिभेवर तपकिरी खपली, दातांवर पिवळा चिकट थर. तिनं पदराचं टोक नळाखाली भिजवलं आणि पुढच्या दातांपासून दाढांपर्यंत त्याचं तोंड पुसून काढलं. कुणी अडवलं नाही. नंतर दहावं-तेरावं झालं, भात कापून झालं, झोडून झालं, पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून हलेना. लेप्टोतून तर तो उठला होता. मग मेला कशानं?

चिमाबाई वराळ्याला चिंगीकडे राहायला आली. दवाखान्यातली साफसफाईची माणसं कंत्राटदाराकडून यायची. मुकादमानं तिला आधी बाह्यरुग्ण विभागाची फरशी दिली. दीड महिना तिनं ती पुसली आणि आयसीयूतली एक मावशी काम सोडून गेली त्याच दिवशी जाऊन ती जागा मागितली. तिथं जायला कुणी राजी नसायचं, त्यामुळे लगेच मिळाली.

आत दहा खाटा होत्या. प्रत्येक खाटेशी मशीन, पडदे, नळ्या. पहिले काही दिवस चिमाबाईला नुसता आवाजच ऐकू यायचा. मग हळूहळू माणसं दिसायला लागली. दिवसपाळीला तीन नर्स असायच्या आणि त्या तिघी अक्षरशः पळत असायच्या. इंजेक्शनं, सलाईन, रक्ताचे नमुने, नातेवाइकांचे प्रश्न, मध्येच कुणाचं हृदय थांबलं की सगळ्या तिकडे. श्रीपती आत असताना बाहेर बाकावर बसून चिमाबाईनं या मुलींना मनातल्या मनात बोल लावला होता. आता त्यांचे पाय बघून तिला तो मागे घ्यावा लागला.

दुसरी इयत्ता शिकलेली बाई. कागद तिला वाचता येत नसे, पण माणसं तिच्या लक्षात राहायची. तीन नंबरला पोस्टातले काका होते. लकवा मारून आले, सुधारत होते, मग ताप भरला आणि गेले. सात नंबरला बाळंतपणानंतर फिट येऊन आलेली पोरगी. तिच्या फिट थांबल्या, पण सहाव्या दिवशी ताप आला. ती वाचली, पण महिना काढला. ज्यांच्या तोंडात नळी नव्हती, त्यांचं हे असं होत नव्हतं. ज्यांच्या तोंडात नळी होती, त्यांच्या तोंडात चिमाबाई रोज डोकावायची, आणि तिला तेच दिसायचं जे श्रीपतीच्या तोंडात दिसलं होतं. तोंड साफ करायचा नियम होता. त्यासाठी कागदावर रकानाही होता. वेळ मिळाला तर एखादी नर्स ओल्या बोळ्यानं ओठ पुसून घ्यायची.

एका दुपारी तिच्यानं राहवलं नाही. पाच नंबरला एक म्हातारी होती, नळीवर. तिघी नर्स दुसऱ्या खाटेशी होत्या. चिमाबाईनं हात धुतले, कापसाचा बोळा भिजवला आणि म्हातारीची दाढ पुसायला गेली. म्हातारीला ठसका लागला, मान वळली आणि नळी दोन बोटं बाहेर सरकली. मशीन ओरडायला लागलं. आयसीयूच्या मुख्य डॉक्टर राजेश्वरी मॅडम धावत आल्या आणि त्यांनी नळी पुन्हा जागेवर बसवली. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत म्हातारीचे ओठ निळे पडलेले चिमाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

म्हातारी त्यातून सावरली. मॅडम मात्र संतापल्या होत्या. तुमच्या हातून आज एक खून होत होता, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. चिमाबाई मान खाली घालून उभी होती. कुणी तरी तिची बाजू घ्यायला गेलं तेव्हा तिनंच सांगितलं की चूक माझीच आहे, मला येत नसताना मी हात घातला. तिला तळघरातल्या धुलाईखान्यात पाठवण्यात आलं.

चिंगीला वाटलं, आता तरी आई हे सोडेल. पण ओठ निळे पडलेली म्हातारी आणि श्रीपती, दोघंही आता चिमाबाईच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती की या भानगडीत पुन्हा पडायला नको. चिमाबाईनं त्याचा अर्थ असा घेतला की हे काम शिकून करायचं आहे.

रोज दुपारी तीनला पाळी बदलायची. चैताली सिस्टर ही आयसीयूची मुख्य नर्स. पस्तिशीतली, वराळ्याचीच, कमी बोलणारी. तिचे वडील रेल्वेत होते; घरातली पहिली नर्स तीच. पाळी संपवून ती जिन्यानं खाली यायची, तेव्हा चिमाबाई चादरींची गाठोडी बाजूला ठेवून जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि म्हणायची, "सिस्टर, मला शिकवा." चैताली पहिल्या दिवशी तशीच निघून गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, हे मावश्यांचं काम नाही. मग आठवडाभर नुसती मान हलवून पुढे जात राहिली. चिमाबाई रोज उभी. दहाव्या की अकराव्या दिवशी चैताली थांबली आणि पायरीवर बसली. तुम्हाला हेच का करायचंय, तिनं विचारलं. तेव्हा चिमाबाईनं पहिल्यांदा श्रीपतीचं नाव सांगितलं. चैतालीला तो आठवत होता. आठ नंबर.

"एका दुखण्यानं आलेला माणूस दुसऱ्याच दुखण्यानं का मरतो, सिस्टर?" चिमाबाईनं विचारलं. "मला कुनी सांगितलंच न्हाई."

चैतालीनं सांगितलं. तोंडात घाण साचते, त्यात जंतू वाढतात. शुद्धीवरचा माणूस गिळतो, खोकतो, थुंकतो. नळीवरच्या माणसाला त्यातलं काहीच करता येत नाही. मग ती घाण नळीच्या कडेनं थेंबाथेंबानं फुप्फुसात उतरते. सगळेच ताप यामुळे येत नाहीत, पण पुष्कळ येतात.

चिमाबाई म्हणाली, "म्हंजी दात घासाय पायजेत."

"पाहिजेत. दिवसातून दोन-तीनदा, ब्रशनं, नीट. एकीनं नळी धरायची, दुसरीनं घासायचं. हे मला माहीत आहे, मावशी. मॅडमनाही माहीत आहे. पण हात कुठून आणू?"

चिमाबाईनं सोड्यानं पांढरे पडलेले आपले दोन्ही हात पुढे केले. "हे हाईत की."

त्या दोघींची शिकवणी महिनाभर चालली. पाळी संपल्यावर, ड्रेसिंगच्या रिकाम्या खोलीत, अर्धा तास. तिथं असंही झालं की चैतालीनं नव्या नळीचा एक तुकडा चिमाबाईच्या दातांमध्ये धरायला लावला, तिला स्ट्रेचरवर आडवं केलं आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशनं तिचे दात घासून दाखवले. ब्रश किती आत गेला की उमासा येतो, हिरडीवर किती जोर सोसतो, तोंडात पाणी साचलं की जीव कसा घाबरा होतो, ते चिमाबाईला स्वतःच्या तोंडात कळलं. मग चैताली म्हणाली, आता माझे घासा. आणि ती स्ट्रेचरवर आडवी झाली, डोळे मिटले. डोंगरावरच्या वाडीतल्या बाईनं हेडसिस्टरच्या तोंडात हात घालायचा, हे चिमाबाईला सुरुवातीला जमेना. चैतालीनं डोळे न उघडताच तिचं मनगट धरून आपल्या तोंडाशी नेलं.

मग चैताली राजेश्वरी मॅडमच्या खोलीत गेली. काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. पाऊण तास लागला एवढं खरं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी चिमाबाईला बोलावून स्वतःच्या देखत एका रुग्णाचे दात घासायला लावले. चैतालीनं नळी धरली. आधी नळी आत घट्ट बसवणाऱ्या फुग्यातली हवा तपासली, खाटेची डोक्याकडची बाजू वर केली, तोंडात साचलेलं पाणी ओढून घ्यायला बारीक नळी तयार ठेवली. चिमाबाईनं वरचे दात, खालचे दात, गालाच्या आतली बाजू, जीभ, सगळं सावकाश केलं. मॅडम वाकून बघत होत्या. नळी सुताएवढीही हलली नाही.

मॅडमनी तिला धुलाईखान्यातून परत आयसीयूत घेतलं आणि तीन महिने दिले. अटी स्पष्ट होत्या: नर्सनं नळी धरल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, आणि एकदा जरी चूक झाली तरी हे कायमचं बंद.

सुरुवात सोपी नव्हती. मुकादमाची कुरकुर होती की बाई फरशीसाठी घेतली आहे. इतर मावश्या म्हणायच्या, ही डॉक्टर व्हायला निघाली. नर्स मुलींना सुरुवातीला ही नवी कटकट वाटायची, कारण नळी धरायला पाच मिनिटं त्यांनाच काढावी लागायची. चिमाबाई कुणाशी वाद घालत नसे. फरशी आधी पुसून टाकायची, मुकादमाला बोलायला जागाच ठेवायची नाही, आणि मग ब्रश घेऊन खाटेशी जाऊन उभी राहायची. नर्स येईपर्यंत उभीच. तिला बघून बघून मुलींना न बोलावता यायची सवय लागली.

घासताना ती रुग्णाशी बोलायची. बेशुद्ध माणसाला काय कळणार, असं म्हणून कुणी हसलं तरी तिला फरक पडत नसे. म्हाताऱ्याला आबा, बाईला मावशी, पोराला बाळा. काय करणार आहे ते आधी सांगायचं आणि मगच ओठाला हात लावायचा.

दुसऱ्या महिन्यात तुषार आला. एकोणीस वर्षांचा, जुन्या हायवेवर मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेला. त्याची आई बाहेर त्याच बाकावर बसायची जिथं चिमाबाई बसली होती. चिमाबाईनं त्या पोरासाठी जीव टाकला. दिवसातून तीनदा दात घासले, ओठांना साय लावावी तसं मलम लावलं. चौथ्या दिवशी मेंदूची सूज वाढली आणि तो गेला. त्या दिवशी चिमाबाई ब्रशांचा डबा चैतालीपुढे ठेवून म्हणाली की याचा काही उपयोग नाही, सिस्टर, मी उगाच सगळ्यांना धावायला लावलं.

चैताली तुषारच्या कागदांवर सही करत होती. ती पूर्ण करून तिनं मान वर केली.

"त्याला ताप नव्हता," ती म्हणाली. "फुप्फुसं शेवटपर्यंत स्वच्छ होती. तो ज्या माराने आला, त्याच माराने गेला. तो मार आपल्या हातात नव्हता. दुसरं मरण आपल्या हातात आहे, ते आपण त्याच्यापर्यंत येऊ दिलं नाही."

चिमाबाईनं हे दोनदा मनात घोळवलं. मग तिनं तुषारचं तोंड शेवटचं पुसलं, केस सारखे केले आणि त्याच्या आईला आत घेऊन आली. ती माउली पोराच्या गालाला गाल लावून बराच वेळ बसली. चिमाबाई पडदा धरून बाहेर उभी राहिली, कुणाला आत येऊ दिलं नाही. पाळी संपायच्या आत ती डबा घेऊन दोन नंबरच्या खाटेशी परत गेली.

पुढे पावसाळ्यात बाजीराव आले. आंदर मावळातले शेतकरी, साठीचे. जमिनीवर झोपले असताना मण्यार चावली. आणलं तेव्हा पापण्या मिटल्या होत्या, श्वास थांबत आला होता. विषावरची इंजेक्शनं दिली, नळी घातली. मण्यारीच्या विषानं सगळं अंग लुळं पडतं, पापणीसुद्धा उचलत नाही. पण पुष्कळदा माणूस आत जागा असतो, त्याला ऐकू येतं, असं चैतालीनं सगळ्यांना बजावलं होतं. तेव्हा चिमाबाईनं त्यांच्याशी शेतकऱ्याचं बोलणं काढलं. पाऊस किती झाला, खाचरं भरली का, कुणाची लावणी उरकली. बोलता बोलता एकदा म्हणाली, आता आंबेमोहोर कुठंच नीट होत नाही बघा आबा, सगळे इंद्रायणीच लावतात.

सहाव्या दिवशी बाजीरावांची पापणी हलली. आठव्या दिवशी नळी निघाली. मधल्या काळात ताप आलाच नाही. घसा बसला होता, आवाज फुटत नव्हता. चिमाबाई तोंड धुवायला पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी खुणेनं तिला जवळ बोलावलं.

"तू म्हनत व्हतीस, आंबेमोहोर व्हत न्हाई," ते कसेबसे म्हणाले. "आमच्यात व्हतो. आजबी व्हतो. चार दिस झालं, तुला सांगायचं व्हतं."

चिमाबाईला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्यांच्या हातात भांडं दिलं, त्यांनी चूळ भरली, आणि दोघांनी पुढची पाच मिनिटं भाताच्या वाणांवर काढली. जाताना बाजीराव स्वतःच्या पायांनी जिना उतरले.

तीन महिन्यांचे सहा झाले, कुणी थांबवलं नाही. वर्ष होत आलं तेव्हा राजेश्वरी मॅडमनी जुन्या आणि नव्या फायली काढून सगळ्यांना एकत्र बसवलं. ब्रश सुरू व्हायच्या आधीच्या सहा महिन्यांत मशीनवरच्या अकरा जणांना फुप्फुसाचा नवा संसर्ग झाला होता आणि त्यातले सहा दगावले होते. ब्रश सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत संसर्ग चौघांना झाला, गेला एक. मॅडम बोलायला जपून. त्या म्हणाल्या की हे फक्त ब्रशामुळे झालं असं मी म्हणणार नाही. खाटा वर ठेवायला लागलो, हात जास्त धुवायला लागलो, नळ्या लवकर काढायला लागलो. रुग्णही वेगळे होते, आकडे लहान आहेत. चिमाबाईला यातलं अर्धंच समजलं. तिनं एवढंच विचारलं की मग थांबायचं का. मॅडम म्हणाल्या, नाही, थांबायचं नाही.

नंतर त्यांनी तिला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी मी जे बोलले, ते तसंच बोलायला हवं होतं. पण तुम्ही का करत होतात, ते मी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं." चिमाबाई नुसती व्हय म्हणाली.

तिला कंत्राटातून काढून दवाखान्याच्या पटावर घेतलं. कोमल नावाची एक नवी मुलगी तिच्या हाताखाली दिली. चिमाबाई शिकवायला कडक निघाली. पहिले पंधरा दिवस तिनं कोमलला ब्रश हातातच दिला नाही, आधी स्ट्रेचरवर आडवं केलं. चिंगीचा राग केव्हाच निवळला होता. ती आता शेजारणींना आई कुठं काम करते ते आपण होऊन सांगायची.

गेल्या महिन्यात चिमाबाई पुन्हा मॅडमच्या दाराशी उभी राहिली. काम खालच्या मजल्यावरच्या वॉर्डाचं होतं. तिथं नळी कुणाला नसते, पण लकव्याचे म्हातारे असतात. त्यांना नीट गिळता येत नाही, घास गालात तसाच राहतो, आणि चार-आठ दिवसांनी त्यातलाच एखादा तापानं वर आयसीयूत येतो. चिमाबाईनं जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन त्यांची तोंडं पाहिली होती.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खाली अठरा खाटा आहेत, मावशी. तुमच्यानं होणार आहे का?"

"एकटीच्यानं न्हाई व्हायचं," चिमाबाई म्हणाली. "आनखी दोघी द्या. शिकवायचं माझ्याकडं लागलं."

मॅडमनी फोन उचलला आणि दोन बायका हव्यात म्हणून मुकादमाला वर बोलावलं. तो येईपर्यंत चिमाबाई बसली नाही, दाराशीच उभी राहिली.